आपल्या ओढीला नाव कसं शोधावं

अप्पा बळवंत चौकातून आत वळलं की एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर माझं टेबल आहे. व्यवसाय मुद्रितशोधनाचा. प्रुफांचे कागद मागून कोरे असतात आणि ते टाकवत नाहीत, म्हणून किराण्याच्या यादीपासून आत्याच्या औषधांच्या वेळांपर्यंत सगळं मी त्यांच्या पाठीवर लिहिलेलं आहे. त्यातला एक कागद सप्टेंबर २०१८ पासून जपून ठेवला आहे. पुढच्या बाजूला दहावीच्या विज्ञानाच्या गाइडचं एक पान, मागे पेन्सिलने आखलेले चार रकाने. मला ओढ कुणाची वाटते, कशी वाटते आणि तिला कोणत्या नावाने हाक मारायची, हे त्या रकान्यांमुळे हळूहळू सुटत गेलं.

अलीकडे ओळखीतून ओळख निघत शनिवारी संध्याकाळी कुणी ना कुणी टेबलापाशी येऊन बसतं. कुणी हिंजवडीत नोकरी करणारं, कुणी स्पर्धा परीक्षेसाठी लातूर-बीडकडून येऊन सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारं. फोनवर ओढीच्या नावांची लांबलचक यादी वाचून झालेली असते आणि प्रश्न असतो, यातलं माझं कुठलं? मी समुपदेशक नाही. पण हाच शोध मी एकदा चुकीच्या टोकाने सुरू केला होता आणि त्यात माझी दहा वर्षं गेली. म्हणून माझी रीत इथे सविस्तर लिहीत आहे.

चुकीचं टोक म्हणजे ती यादी. यादीतून शब्द उचलायचा आणि मग आपलं मन त्यात कोंबायचं. बाविसाव्या वर्षी मी असाच एक शब्द उचलला. कुठला, ते सांगत नाही, कारण तो सांगितला की माझ्या जन्मदाखल्यावर 'लिंग' या शब्दापुढे काय लिहिलंय तेही लगेच कळेल. काही शब्दांच्या पोटात आपलं स्वतःचं लिंग असं बांधलेलंच असतं, आणि नॉनबायनरी माणसाची, म्हणजे 'पुरुष' किंवा 'स्त्री' यांपैकी एकाच खणात न मावणाऱ्या माणसाची, अडचण तिथूनच सुरू होते. त्याकडे पुढे येईन.

आधी कागद, मग शब्द

कागदच घ्या, फोन नको. फोन घरात फिरतो, भावंडं तो हातात घेतात, स्क्रीन उघडी राहते. कागदावर चार रकाने आखा. पहिल्यात व्यक्ती, पण नाव लिहू नका. फक्त तुम्हालाच कळेल अशी खूण, 'पावसातली छत्री', 'तिसरा बाक'. दुसऱ्यात साल. तिसऱ्यात, ओढ कशाची होती. चौथ्यात, त्या वेळी तुम्ही स्वतःला काय समजत होतात.

तिसऱ्या रकान्यात घाई करू नका. सगळं काम तिथेच आहे. 'आवडणं' हा फार पसरट शब्द आहे. वरणभातही आवडतो आणि माणूसही. त्याचे धागे सुटे करावे लागतात. अंगाची ओढ हा एक धागा: स्पर्श हवासा वाटणं, जवळ गेल्यावर शरीराने उत्तर देणं. प्रेमात पडणं हा दुसरा: त्या व्यक्तीचा फोन आला की दिवसाचा रंग बदलणं, तिच्यासोबतची पुढची दहा वर्षं डोळ्यांसमोर येणं. तिसरा धागा रूपाचा. वेताळ टेकडीवर पहाटे पळायला येणाऱ्या एखाद्या व्यक्तीकडे रोज नजर जाते, पण तिथेच थांबते. नावसुद्धा विचारावंसं वाटत नाही. आणि चौथा सोबतीचा: या माणसाच्या घरी जाऊन नुसतं गप्प पडून राहिलं तरी बरं वाटेल.

बहुतेकांचे हे धागे एकाच दोरीत वळलेले असतात, त्यामुळे ते वेगळे आहेत हे त्यांना कधी जाणवतच नाही. ज्यांचे धागे वेगवेगळ्या दिशांना जातात त्यांना मात्र कुठलाही एकच शब्द कुठेतरी काचत राहतो. माझ्या कागदावर दिसलं ते असं: रूपाची नजर अनेकांवर. प्रेम तीन वेळा: एक पुरुष, एक स्त्री, एक नॉनबायनरी व्यक्ती. आणि अंगाची ओढ त्या तिघांपलीकडे कुणाचीही नाही, तीसुद्धा ओळख दीड-दोन वर्षं मुरल्यावर. हे सगळं आयुष्यात घडून गेलेलं होतं. कागदावर एकाखाली एक मांडेपर्यंत मला ते दिसलं नव्हतं.

मोजमाप करू पाहणारे आपल्याआधीही होऊन गेले आहेत. आल्फ्रेड किन्सी या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने १९४८ साली ० ते ६ अशी पट्टी मांडली. शून्यावर फक्त भिन्नलिंगी ओढ आणि अनुभव, सहावर फक्त समलिंगी, बाकीची माणसं मध्ये कुठेतरी. आणि ज्यांच्याकडे नोंदवण्यासारखी ओढच नव्हती त्यांच्यासाठी पट्टीबाहेर 'एक्स'. १९७८ साली फ्रिट्झ क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञाने त्या पट्टीची जाळी केली. आकर्षण, वर्तन, कल्पना, भावनिक जवळीक, कुणात मिसळायला आवडतं, जगण्याची रीत आणि स्वतःला दिलेलं नाव अशा सात आडव्या ओळी, आणि भूतकाळ, आज व मनातला आदर्श असे तीन उभे रकाने. त्यातला शेवटचा रकाना मला फार मोलाचा वाटतो. 'काय घडलं' याच्याशेजारी 'काय घडावंसं वाटतं' हे लिहिलं की कितीतरी जणांचा कागद पहिल्यांदा खरं बोलायला लागतो, कारण आपल्याकडे जे घडतं त्यातलं बरंच घरच्यांनी ठरवलेलं असतं.

पण त्या जाळीतही एकवीस चौकोन भरायचे ते 'दुसऱ्या लिंगाचे' आणि 'आपल्याच लिंगाचे' या दोन टोकांमधल्या आकड्यांनी. त्यावर मी एक अख्खी दुपार घालवली. आपलंच लिंग म्हणजे कुठलं?

'सम' कुणाशी?

युरोपात 'होमोसेक्शुअल' हा शब्द १८६९ साली छापला गेला. कार्ल मारिया कर्टबेनी या लेखकाने प्रशियातल्या कायद्याला विरोध करणाऱ्या पत्रकात तो वापरला. त्यातलं 'होमो' ग्रीक आहे, अर्थ 'सारखा'. आपला 'समलैंगिक' याच साच्यातला. 'सम' आणि 'भिन्न' दोन्ही शब्दांना तुलनेसाठी एक खुंटी लागते, आणि ती खुंटी म्हणजे बोलणाऱ्याचं स्वतःचं लिंग.

नॉनबायनरी म्हणजे ज्या व्यक्तीचा लिंगभाव 'पुरुष' आणि 'स्त्री' या दोन खणांपैकी एकात पूर्णपणे मावत नाही. कुणाला दोन्हींत पाय आहे असं वाटतं, कुणाला दोन्हींबाहेर, कुणाचं काळानुसार बदलतं. हा लिंगभाव झाला. ओढ कुणाची वाटते तो लैंगिक कल, आणि ती वेगळी गोष्ट. शनिवारी येणाऱ्यांत निम्म्यांचा गोंधळ एवढं सांगितल्यावर निवळतो: 'नॉनबायनरी' या शब्दाने तुमच्या प्रेमाबद्दल काहीच सांगितलेलं नसतं. नॉनबायनरी माणसाला फक्त स्त्रिया आवडू शकतात, फक्त पुरुष, सगळे, किंवा कुणीच नाही.

आता अशा व्यक्तीला फक्त स्त्रियांबद्दल ओढ वाटत असेल तर ती सम की भिन्न? शब्दशः धरलं तर भिन्न. आणि फक्त पुरुषांबद्दल वाटत असेल तरी भिन्नच. म्हणजे हिशेब बरोबर येतो आणि उत्तर निरुपयोगी ठरतं, कारण 'भिन्नलैंगिक' ऐकून समोरच्याच्या मनात जे चित्र उभं राहतं त्यात ही व्यक्ती कुठेच नसते.

यातून सुटायच्या वाटा मला तीन माहीत आहेत. सर्वांत रुळलेली वाट म्हणजे खुंटी न लागणारे शब्द घेणं. 'बाय' म्हणजे एकाहून जास्त लिंगांच्या व्यक्तींबद्दल ओढ. 'बाय'चा शब्दशः अर्थ 'दोन', आणि त्यावरून वाद घालणारे भेटतील, 'मग नॉनबायनरी लोकांचं काय' म्हणून. अमेरिकेतल्या बाय कार्यकर्त्यांनी १९९० सालच्याच आपल्या जाहीरनाम्यात लिंगं दोनच असतात असं गृहीत धरू नका असं बजावलं होतं, तेव्हा त्या वादात फार वेळ घालवू नका. 'पॅन' म्हणजे ओढ वाटताना लिंग मोजलंच जात नाही. 'ऑम्नी' म्हणजे सगळ्यांबद्दल वाटते, पण लिंगानुसार तिची चव वेगळी लागते. कागदाचा तिसरा रकाना नीट भरलेला असेल तर यातला फरक आपोआप कळतो. नसेल तर कितीही व्याख्या वाचून कळत नाही. ओढ एकाच दिशेची असेल तर 'गायनेसेक्शुअल' म्हणजे स्त्रियांकडे किंवा स्त्रीपणाकडे, आणि 'अँड्रोसेक्शुअल' म्हणजे पुरुषांकडे किंवा पुरुषपणाकडे. बोलणारं माणूस कोण आहे ते या शब्दांत कुठेही येत नाही. एक काळजी मात्र घ्या. स्त्रीपणा म्हणजे अमुक अवयव, असा अर्थ कुणी त्यात भरू लागलं तर ट्रान्स स्त्रिया आणि ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्मदाखल्यावरच्या लिंगाहून ज्यांचं खरं लिंग वेगळं आहे अशी माणसं, दुखावतात, आणि ते दुखणं खरं असतं.

दुसरी वाट, नॉनबायनरी असणं ज्यात आधीच धरलेलं आहे असे शब्द. स्त्रियांची ओढ असलेल्या नॉनबायनरी व्यक्तीसाठी 'ट्रिक्सिक', पुरुषांची असेल तर 'टोरिक', दोघंही नॉनबायनरी असतील तर त्या नात्याला 'एनबियन', आणि ज्या ओढीत सम-भिन्न लावताच येत नाही तिला 'डायमोरिक'. हे इंटरनेटवर घडलेले अगदी नवे शब्द आहेत. पुण्यात कुणाला सांगितलेत तर दहातल्या नऊ वेळा अर्थही सांगावा लागेल. तरी एका मुलाने 'टोरिक' वाचून माझ्या टेबलावर डोकं टेकवून रडून घेतलं होतं. आपल्यासारखं कुणीतरी आधी होतं, इतकं की त्यांना शब्द लागला, एवढंच त्याला हवं होतं. म्हणून या शब्दांना मी कधीच फालतू म्हणणार नाही. फक्त नॉनबायनरी व्यक्तींबद्दलच ओढ असेल तर यादीत 'स्कोलिओसेक्शुअल' सापडेल. ग्रीक 'स्कोलिओस' म्हणजे वाकडा, 'स्कोलिओसिस' या कण्याच्या आजाराच्या नावात आहे तोच. स्वतःला वाकडं म्हणवून घ्यायचं नसेल तर त्याच अर्थाचा 'सेटेरोसेक्शुअल' आहे.

तिसरी वाट मला सगळ्यात उशिरा समजली. काही नॉनबायनरी माणसं 'लेस्बियन' किंवा 'गे' हाच शब्द ठेवतात. हिशेबात तो बसतो का याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. ज्या लोकांत आपण वाढलो, ज्यांनी सांभाळलं, त्यांचं नाव म्हणून तो ठेवलेला असतो. एकदा एका व्यक्तीने 'मी नॉनबायनरी लेस्बियन आहे' असं सांगितल्यावर मी 'हे दोन शब्द एकत्र येत नाहीत' असं म्हटलं. शुद्धलेखन तपासायची सवय मी जिवंत माणसावर चालवली. ती व्यक्ती पुन्हा आली नाही. त्याचं वाईट मला आजही वाटतं. दुसऱ्याच्या शब्दावर लाल पेन्सिल चालवायची नाही हा नियम त्या दिवसापासूनचा आहे, आणि तो तुम्हीही पाळावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ओढ उशिरा येते किंवा येतच नाही तेव्हा

तिसऱ्या रकान्यात अंगाची ओढ कुठेच आली नाही, म्हणून कागद अर्धवट राहिला असं समजू नका. तोच तुमचा भरलेला कागद आहे. 'एसेक्शुअल' म्हणजे लैंगिक ओढ न वाटणं किंवा जवळजवळ न वाटणं. 'एरोमँटिक' म्हणजे प्रेमात पडणं या गोष्टीचीच ओढ नसणं. दोन्ही पट्ट्या वेगळ्या आहेत. एसेक्शुअल माणूस जीव तोडून प्रेम करू शकतो, एरोमँटिक माणसाला शरीराची ओढ असू शकते. म्हणूनच काही जण दोन शब्दांचं नाव घेतात, एक प्रेमाच्या कलाचं, एक लैंगिक कलाचं: 'बायरोमँटिक एसेक्शुअल', 'एरोमँटिक गे'. डेव्हिड जे या तरुणाने २००१ साली अमेरिकेत एसेक्शुअल लोकांसाठी संकेतस्थळ सुरू केलं, आणि या बारीक भेदांना नावं मिळायला तिथे मोठी मदत झाली.

'डेमीसेक्शुअल' हा माझा शब्द आहे. भावनिक नातं घट्ट झाल्यावरच लैंगिक ओढ जागी होते, तोवर नाही. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात वीस मिनिटांनी 'पसंत आहे का' असं विचारतात. डेमी माणसाला त्या प्रश्नाचं खरं उत्तर पुढच्या वर्षीच्या दिवाळीत मिळतं. तीन स्थळं पाहून झाल्यावर माझ्या घरचे म्हणाले, 'तुला माणसंच आवडत नाहीत.' मला माणसं फार आवडतात.

ओढ पूर्वी होती आणि अचानक गेली, आणि त्याचा त्रास होत असेल तर गोष्ट वेगळी; काही औषधांनी, नैराश्याने तसं होतं आणि त्यासाठी डॉक्टरांकडे जावं. पण कुणी डॉक्टर तुमचा कल 'दुरुस्त' करून देण्याची भाषा करू लागले तर उठून या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली अशा 'उपचारा'ला व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे.

मराठी शब्दांची प्रुफं

इथे माझ्या धंद्याचा थोडा उपयोग होतो. शाळेच्या पुस्तकांमुळे आपल्या शब्दांची काही गल्लत होऊन बसली आहे. 'अलैंगिक' म्हटलं की दहावी झालेल्या प्रत्येकाला अलैंगिक प्रजनन आठवतं, अमीबा दुभंगताना दिसतो. 'उभयलिंगी' म्हणजे जास्वंदीसारखं फूल, ज्यात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. बाय माणसासाठी शब्द आहे 'उभयलैंगिक'. वर्तमानपत्रांतसुद्धा हे दोन एकमेकांच्या जागी छापून येतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, बाय म्हणजे शरीरातच काहीतरी दोन आहे. घरी सांगताना हा घोळ आधीच ओळखून ठेवा. आईला 'मी उभयलैंगिक आहे' सांगण्यापेक्षा 'मला मुलगाही आवडू शकतो आणि मुलगीही' हे वाक्य कितीतरी जास्त पोचतं.

'नपुंसक' हा शब्द स्वतःसाठी कुणाकडूनही स्वीकारू नका. व्याकरणातलं नपुंसकलिंग मला प्रिय आहे, पण माणसाला लावल्यावर ती शिवी होते. 'हिजडा', 'जोगता' या शब्दांमागे गुरू-चेल्यांची घराणी, यल्लमाची परंपरा आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं जगणं आहे. ते जगणं आपलं नसेल तर ते नाव आपलं नाही. 'कोती' हा शब्दही पुरुषांची ओढ असलेल्या, बायकी वळणाच्या लोकांच्या एका समूहाच्या आतला आहे, बाहेरून उचलून लावायचा नाही.

मला स्वतःला 'कल' हा शब्द आवडतो. त्यात ना आजार आहे ना पाप. पाणी जसं उताराकडे कलतं तसं. आणि 'ही सगळी परदेशी खुळं' असं कुणी म्हटलं तर एवढं सांगा, की र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना मराठीत सरळ उत्तरं दिली. त्या उत्तरांवरून १९३४ साली खटला झाला तेव्हा कर्व्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. आपल्या पुण्यातच बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट स्थापन केला, या विषयावर सातत्याने मराठीत लिहिलं, आणि २०११ साली इथे पहिली प्राईड पदयात्रा निघाली. शब्द नवे असतील, बोलणं नवं नाही.

शब्द घालून बघणं

लक्ष्मी रस्त्यावर चप्पल घेताना आपण दुकानातच चार पावलं चालून बघतो. शब्दाचंही तसंच करा. पंधरा दिवस फक्त स्वतःशी वापरा. रात्री दिवा मालवल्यावर मनात म्हणून बघा, 'मी बाय आहे', 'मी एस (म्हणजे एसेक्शुअल) आहे'. अंग सैल झालं तर शब्द बसला. आत कुठेतरी सारवासारव सुरू झाली, 'तसं नाही अगदी, पण' असं, तर दुसरा बघा. कुठलाच बसला नाही तर 'क्विअर' आहे. त्यात 'सर्वसाधारण मानतात तशी माझी ओढ किंवा माझा लिंगभाव नाही' एवढंच येतं आणि पुढचं आपल्या हातात राहतं. मीसुद्धा अनोळखी माणसाला 'क्विअर' एवढंच सांगेन. 'डेमी, बाय' हे जवळच्यांसाठी.

आणि पेन्सिलनेच लिहा. वर्षाने कागद पुन्हा काढा, खाली नवी तारीख घाला. ओढ खरोखरच बदलत राहते अशा लोकांसाठी 'अॅब्रोसेक्शुअल' असा शब्ददेखील आहे. शब्द बदललात म्हणून आधीचा खोटा ठरत नाही. बाविसाव्या वर्षीच्या माझ्या चुकीच्या शब्दानेच मला पहिली दोन मित्रमंडळी मिळवून दिली.

शब्द नसला तरी काही अडत नाही, हेही सांगायला हवं. आधार कार्ड, मतदार यादी लिंग विचारतात, कल विचारत नाहीत. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने संमतीने एकत्र येणाऱ्या प्रौढांना, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून मोकळं केलं; त्यासाठी तुम्ही स्वतःला काय म्हणवता हे सांगण्याची अट नव्हती. माझा कागद त्याच आठवड्यातला आहे.

कुणाला सांगायचं ते ठरवताना एकच प्रश्न आधी विचारा: या माणसाने उद्या पाठ फिरवली तर राहायला जागा आणि महिन्याचे पैसे आहेत का? नसतील तर थांबा. थांबणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. आणि मन फारच अंधारून आलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

क्रियापदाची वाट

नॉनबायनरी व्यक्तीला मराठीत कल सांगण्याआधीच क्रियापद अडवतं. 'मी प्रेम करतो' की 'करते'? हा लेख इथवर वाचताना लक्षात आलं असेल किंवा नसेल, पण मी स्वतःबद्दल यातलं एकही रूप वापरलेलं नाही. ही कसरत नाही, मराठीतच त्यासाठी जागा आहे. 'मी चहा घेतला', 'मी पत्र लिहिलं' यात क्रियापद चहामागे आणि पत्रामागे जातं, बोलणाऱ्याकडे बघतही नाही. 'मला वाटतं', 'मला जायचंय', 'माझं प्रेम आहे'. भविष्यकाळ पूर्ण मोकळा: 'मी येईन', 'मी सांगेन'. नकारही मोकळा: 'मी करत नाही', 'मी जात नाही'. जुन्या पुस्तकांतलं 'मी जात असे' मोकळं. 'आम्ही जातो' म्हणणारेही आहेत. अडतं ते 'गेलो-गेले', 'होतो-होते', 'बोललो-बोलले' अशांपाशी. तिथे 'माझं जाणं झालं', 'माझं बोलणं झालं' असं वळण घेता येतं. सुरुवातीला जीभ अडखळते. दोनेक महिन्यांत सवय होते.

आपल्याबद्दल बोलताना दुसऱ्यांनी काय म्हणावं, हे मात्र ज्याचं त्यालाच विचारा. 'ते आलं' हे लेकरासाठी वापरतो तसं काहींना मायेचं वाटतं, काहींना वस्तू झाल्यासारखं. आदरार्थी 'ते आले' काहींना चालतं, काहींना त्यात पुरुषच ऐकू येतो.

जोडीदाराबद्दल बोलायची वेळ आली की 'माझा' म्हणायचं की 'माझी', इथे पुन्हा तोच पेच. माझ्या कागदावरची तिसरी खूण, ती नॉनबायनरी व्यक्ती, गेली चार वर्षं माझ्या आयुष्यात आहे. आत्याला काय सांगायचं हे मला बरेच दिवस सुचत नव्हतं. आत्याचं निम्मं आयुष्य कोल्हापुरात गेलं. तिथल्या बायकांसारखं ती अजूनही 'मी आलो', 'मी जेवलो' असंच म्हणते, आणि कसब्यातल्या शेजारणींना त्याचं पहिल्यापासून आश्चर्य वाटत आलं आहे. शब्द शेवटी घरातच सापडला. 'आपलं माणूस', 'घरचं माणूस' असं आपण म्हणतो, तेव्हा माणूस ना 'तो' असतो ना 'ती'. एका शनिवारी आत्या तांदूळ निवडत होती, तेव्हा मी तिला सांगितलं, 'आत्या, उद्या माझं माणूस येतंय घरी. जेवायलाच येतंय.'

आत्याने ताट बाजूला ठेवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

'येऊ दे की,' ती म्हणाली. 'तिखट खातं का?'